दुर्गा खोटे : कंपनीच्या पगारपत्रकाबाहेरची नायिका

दुर्गाबाई खोटे यांचा उल्लेख आला की पाठोपाठ ‘चांगल्या घराण्यातून चित्रपटात आलेली पहिली स्त्री’ हे बिरूद येते आणि बहुतेक वेळा चर्चा तेथेच थांबते. या बिरुदात तथ्य आहे, परंतु त्यामुळे दोन अन्याय होतात असे मला वाटते. पहिला अन्याय त्यांच्या आधी आलेल्या स्त्रियांवर होतो. 1913 साली फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये काम करणाऱ्या दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई (पुढे गोखले) यांचे धाडस कमी नव्हते, त्यांच्या मागे तर पैशाचे किंवा प्रतिष्ठेचे कोणतेही पाठबळ नव्हते. दुसरा अन्याय खुद्द दुर्गाबाई खोट्यांवर होतो, कारण त्यांच्या पन्नास वर्षांच्या कामाऐवजी त्यांचे घराणेच लक्षात राहते. या धाग्यात त्यांच्या कामाविषयी, आणि ते काम त्यांनी ज्या अटींवर केले त्याविषयी लिहावे, असा माझा प्रयत्न आहे.

14 जानेवारी 1905 रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. माहेरचे आडनाव लाड. घराणे मूळचे गोव्याचे, घरात कोकणी बोलली जाई, आणि कांदेवाडीतील मोठ्या एकत्र कुटुंबात त्या वाढल्या. शिक्षण कॅथीड्रल शाळेत आणि पुढे सेंट झेवियर महाविद्यालयात झाले. महाविद्यालयात शिकत असतानाच खोट्यांच्या श्रीमंत घरात लग्न झाले आणि बकुळ व हरिन हे दोन मुलगे झाले. पुढे सासरचे वैभव ओसरले. अशा वेळी माहेरी जाऊन राहणे हा त्या काळातील बाईसाठी रूढ आणि सोयीचा मार्ग होता, पण दुर्गाबाईंनी मुलांचा भार स्वतः कमावून उचलायचे ठरवले. चित्रपटात त्यांना कलेच्या ओढीने आणले नाही, गरजेने आणले, आणि ही गोष्ट त्यांनी आयुष्यात कधी लपवली नाही. त्यांचे ‘मी, दुर्गा खोटे’ हे आत्मचरित्र आजही वाचनीय वाटते ते या सरळपणामुळे.

पहिला चित्रपट मोहन भवनानी यांचा ‘फरेबी जाल’ (1931). मूकपटाचा काळ संपत आला होता आणि बोलपट अजून पाय रोवत होता, त्या संधिकाळातील ही निर्मिती होती. भूमिका लहान होती, चित्रपट पडला, आणि त्याच्या सुमार दर्जामुळे नातेवाइकांत व समाजात दुर्गाबाईंवर टीकेची झोड उठली. त्यांची कारकीर्द तेथेच संपली असती तरी कोणालाही नवल वाटले नसते.

पण त्याच सुमारास कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी आपल्या पहिल्या बोलपटाची तयारी करत होती. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी 1929 साली उभी केलेली ही संस्था. ‘अयोध्येचा राजा’ मराठीत आणि हिंदीत एकाच वेळी होणार होता, म्हणजे प्रत्येक प्रसंग दोन भाषांत दोनदा वठवावा लागणार होता. पार्श्वगायनाची सोय अजून आलेली नसल्यामुळे नटाला कॅमेऱ्यासमोर उभे राहून स्वतःच गावे लागे. हरिश्चंद्र होते गोविंदराव टेंबे, ज्यांनी संगीत रंगभूमी गाजवली होती आणि या चित्रपटाचे संगीतही केले होते. गंगानाथाच्या भूमिकेत बाबूराव पेंढारकर होते. अशा कसलेल्या मंडळींत एका अपयशी चित्रपटाची शिदोरी घेऊन आलेली सत्तावीस वर्षांची स्त्री तारामती म्हणून उभी राहिली.

येथे जरा थांबावेसे वाटते. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये (1913) तारामती अण्णा साळुंके यांनी केली होती, कारण त्या भूमिकेसाठी स्त्री मिळाली नाही, साळुंके तोवर मुंबईतील एका उपाहारगृहात काम करत होते. पुढे 1917 च्या ‘लंकादहन’मध्ये त्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. ‘राजा हरिश्चंद्र’नंतर एकोणीस वर्षांनी, 1932 च्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये, तीच तारामती दुर्गाबाईंकडे आली आणि आणखी दोन वर्षांनी सीताही आली. पडद्यावरील पतिव्रतेला स्त्रीचा आवाज मिळण्याचा हा टप्पा आहे, आणि ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाची प्रत उरलेली नसली तरी ‘अयोध्येचा राजा’ आज पाहता येतो, हे आपले भाग्य. त्यातील तारामती दुःखाने कोसळणारी नाही. राज्य गेल्यावर, विक्रीला उभे राहिल्यावर आणि मुलगा गमावल्यावरही तिचा ताठ कणा आणि वर उचललेली मान सुटत नाही. दुर्गाबाईंच्या उंचीचा, रुंद कपाळाचा आणि ठाम उच्चारांचा त्यात मोठा वाटा आहे. नाटकी हातवारे त्यांना शिकवलेलेच नव्हते, कारण त्या रंगभूमीवरून आलेल्या नव्हत्या, आणि बोलपटाच्या त्या आरंभकाळात हीच उणीव त्यांचे बळ ठरली.

त्याच वर्षी ‘मायामच्छिंद्र’ आला. त्यात त्या स्त्रीराज्याच्या राणी झाल्या आणि त्यांच्या सोबतीला चित्ता होता. प्रभातमध्ये एवढे यश मिळाल्यावर कोणीही तेथेच स्थिरावले असते, कारण तेव्हाची पद्धतच तशी होती: नट, गवई, चित्रकार, सुतार सारे कंपनीचे नोकर असत, महिन्याचा पगार घेत आणि कंपनी सांगेल ते काम करत. दुर्गाबाईंनी स्वतःला एका कंपनीशी जन्माचे बांधून घेतले नाही. त्या कलकत्त्याला गेल्या. देवकी बोस यांच्या दिग्दर्शनाखाली न्यू थिएटर्ससाठी ‘राजरानी मीरा’ (1933) आणि ईस्ट इंडिया फिल्म कंपनीसाठी ‘सीता’ (1934) केला. दोन्हींत पृथ्वीराज कपूर होते. ‘सीता’ व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला आणि त्याला तेथे मानपत्र मिळाले. मग त्या पुन्हा प्रभातकडे आल्या, पुन्हा बाहेर पडल्या. एका चित्रपटाचा एक करार, काम संपले की मोकळे, ही पद्धत आज सर्वमान्य आहे. 1933 साली एका बाईने ती अवलंबणे म्हणजे कंपनीचे छत्र आणि दरमहाची निश्चिंती दोन्ही सोडणे होते. माझ्या मते त्यांचे खरे धाडस येथे आहे.

1936 चा ‘अमरज्योती’ मला त्यांच्या सर्व चित्रपटांत महत्त्वाचा वाटतो. सौदामिनी आपल्या मुलाचा ताबा मागायला जाते आणि न्यायासनावरचा दुर्जय (चंद्रमोहन) तो नाकारतो, कारण त्याच्या कायद्यात पत्नीला स्वतंत्र हक्कच नाही. ती राज्य सोडून समुद्रावर जाते, चाचे लोकांची नायिका होते आणि राजसत्तेविरुद्ध युद्ध पुकारते. सौदामिनीचा संताप प्रेक्षकाला पटावा, तिच्या क्रौर्याची भीतीही वाटावी, आणि तरी तिच्यातील आई कोठेतरी जिवंत आहे हे सतत जाणवावे, अशी ही अवघड भूमिका आहे. दुर्गाबाई ती आवाज चढवून करत नाहीत. हुकूम देताना त्यांचा स्वर खाली येतो, आणि त्यामुळे समोरचा माणूस लहान दिसू लागतो. तारामतीचा ताठ कणा येथे नवऱ्याच्या सत्त्वासाठी खर्च होत नाही, स्वतःच्या हक्कासाठी उभा राहतो. चार वर्षांच्या अंतराने एकाच अभिनेत्रीने केलेल्या या दोन भूमिका शेजारी ठेवून पाहाव्यात, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

यानंतर त्या निर्मितीतही उतरल्या. 1937 च्या ‘साथी’ची निर्मिती त्यांची. चाळिशीच्या दशकात भूमिकांचा पट रुंदावला. अत्र्यांच्या ‘पायाची दासी’तील (1941) छळणारी सासू, विजय भट्ट यांच्या ‘भरतभेट’मधील (1942) कैकेयी, सोहराब मोदींच्या ‘पृथ्वी वल्लभ’मधील (1943) मृणालवती. यांपैकी पहिल्या दोन चित्रपटांच्या हिंदी आवृत्त्यांसाठी बंगालच्या चित्रपट पत्रकारांच्या संघटनेने लागोपाठ दोन वर्षे त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान दिला. नायिकेचे वय सरत आले की अभिनेत्रीने घरी बसावे, असा जो अलिखित नियम होता तो त्यांनी मानला नाही. खलनायिका आणि प्रौढ स्त्रिया त्यांनी स्वतःहून स्वीकारल्या आणि तेथे सन्मान मिळवला.

त्यानंतरच्या आईच्या आणि आजीच्या भूमिका सर्वांना ठाऊक आहेत. 1968 मध्ये पद्मश्री, 1974 च्या ‘बिदाई’साठी सहायक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक, 1983 चा दादासाहेब फाळके पुरस्कार, आणि 22 सप्टेंबर 1991 रोजी निधन. ज्यांनी त्यांचे इतर काम जवळून अभ्यासले आहे त्यांनी भर घालावी.

प्रतिसाद

लेख आवडला, परंतु रंगभूमी अजिबातच आली नाही याची खंत वाटली. आपण लिहिता की त्या रंगभूमीवरून आल्या नव्हत्या आणि तेच त्यांचे बळ ठरले. हे चित्रपटापुरते खरे आहे. पण नाव मिळाल्यावर त्या रंगभूमीकडे गेल्या, ही उलट दिशेची वाटचाल अधिक कौतुकाची आहे. गिरगावातील मुंबई मराठी साहित्य संघाने मराठी नाटकाच्या पडत्या काळात ते पुन्हा उभे करण्यासाठी जे प्रयत्न केले, त्यांत दुर्गाबाईंचा सहभाग मोठा होता. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’मध्ये राघोबा नानासाहेब फाटक, रामशास्त्री केशवराव दाते आणि आनंदीबाई दुर्गा खोटे, असा संच होता. फाटक आणि दाते या दोघांसमोर उभे राहायचे म्हणजे काय, हे जुन्या नाट्यरसिकांना सांगायला नको. नानासाहेबांसारख्या धबधब्यासारखे बोलणाऱ्या नटापुढे आपला तोल सांभाळणे भल्याभल्यांना जमत नसे.

1954 साली शिरवाडकरांनी शेक्सपिअरच्या ‘मॅक्बेथ’चे ‘राजमुकुट’ हे रूपांतर केले, ते हर्बर्ट मार्शल या इंग्रज दिग्दर्शकाने बसवले आणि त्यातही फाटक व दुर्गाबाई ही जोडी होती. आनंदीबाई आणि मॅक्बेथची पत्नी या दोघींना जोडणारा धागा स्पष्ट आहे: सत्तेची हाव धरणारी, नवऱ्याला पुढे ढकलणारी आणि त्याची किंमत मोजणारी स्त्री. चित्रपटातील कैकेयी त्याच जातकुळीची. 1958 मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, याचाही उल्लेख लेखात हवा होता.

प्रतिसाद

वरील दोघांच्याही लेखनाबद्दल आदर राखून एक मतभेद नोंदवतो. 1950 नंतरच्या भूमिका आपण चार ओळींत आटोपल्या, ते मला पटले नाही. ‘मुघल-ए-आझम’मधील (1960) जोधाबाईला किती संवाद आहेत हे मोजण्यात अर्थ नाही. पूर्ण चित्रपट अकबर आणि सलीम यांच्या संघर्षाचा आहे, आणि त्या दोघांच्या मध्ये उभी राहून दोघांचाही आघात झेलणारी ती एकटी आहे. पत्नी म्हणून तिला बादशहाचा हुकूम मोडता येत नाही, आई म्हणून तो पाळता येत नाही. त्या भव्य दालनांत, त्या जड पोशाखात आणि पृथ्वीराजांच्या त्या गर्जनेसमोर दुर्गाबाई जो ठहराव ठेवतात तो नसता तर ते सगळे प्रसंग नुसती आरडाओरड ठरले असते.

आणि आपणच दिलेल्या माहितीवरून एक गोष्ट सुचते. हेच पृथ्वीराज सव्वीस वर्षांपूर्वी त्यांच्या सीतेचे राम होते. इतक्या वर्षांची ओळख असलेले दोन नट पती-पत्नी म्हणून समोरासमोर येतात तेव्हा त्यांना वैवाहिक जवळीक वेगळी दाखवावी लागत नाही. पुढे ‘बॉबी’त (1973) पृथ्वीराजांचा नातू ऋषी कपूर नायक झाला आणि त्याला मायेने वाढवणारी मिसेस ब्रॅगांझा दुर्गाबाईंनी केली. कपूर घराण्याच्या तीन पिढ्यांसमोर एकच अभिनेत्री पत्नी, राणी आणि आजीसारखी दाई म्हणून उभी राहिली, हे केवळ योगायोग म्हणून सोडून देण्यासारखे नाही.

प्रतिसाद

मिसेस ब्रॅगांझांचा विषय निघालाच आहे तर गोव्याच्या वाचकाच्या नात्याने थोडे लिहिते. हिंदी चित्रपटांतील गोव्याचा ख्रिस्ती माणूस म्हणजे दारू, गिटार आणि मोडकी हिंदी, असे ठरून गेले होते. त्याच चित्रपटातील प्रेमनाथ यांचा जॅकही त्या साच्यातून पूर्ण सुटलेला नाही. दुर्गाबाईंची म्हातारी मात्र वेगळी वाटते. दुसऱ्याचे मूल सांभाळून म्हातारी झालेली आणि त्या मुलाच्या प्रेमाचा अभिमान बाळगणारी अशी बाई आमच्याकडे खरोखर असते. ज्यांच्या मूळ घराची भाषा कोकणी होती त्यांच्या हाती ही भूमिका पडली, हा त्या भूमिकेला लाभलेला फायदा होता, असे माझे मत आहे.

प्रतिसाद

मूळ लेखातील मध्यवर्ती मुद्द्यालाच माझा आक्षेप आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. कंपनीशी बांधून न घेण्याचे धाडस दुर्गाबाईंचे, हे मान्य. परंतु इंग्रजी शाळेतील शिक्षण, मुंबईच्या उच्च वर्तुळातील वावर आणि बोलण्याचालण्यातील आत्मविश्वास नसता, तर कंपनीच्या मालकांनी त्यांच्या अटी ऐकून घेतल्या असत्या का? ‘अमरज्योती’मध्येच त्यांच्यासोबत नंदिनीच्या भूमिकेत शांता आपटे होत्या. त्याच शांताबाईंना 1939 साली कराराच्या वादातून प्रभातच्या फाटकासमोर उपोषणाला बसावे लागले. 1940 मध्ये त्यांनी ‘जाऊ मी सिनेमात?’ ही पुस्तिका लिहिली आणि या व्यवसायात माणसाला कसे वापरले जाते ते उघड मांडले. एकाच संस्थेत, एकाच चित्रपटात काम केलेल्या दोन अभिनेत्रींपैकी एकीला बोलणी करून मोकळे होता आले आणि दुसरीला फाटकासमोर बसावे लागले. आपण घराण्याचे बिरूद बाजूला ठेवू म्हणता, पण घराण्यामुळे मिळणारी मोकळीक बाजूला ठेवता येत नाही.

धागालेखिकेचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. रंगभूमीविषयीच्या प्रतिसादाने लेखातील मोठी जागा भरली गेली. आनंदीबाईंच्या संदर्भात एक भर घालते: 1944 साली प्रभातने ‘रामशास्त्री’ काढला तेव्हा पडद्यावरील आनंदीबाई ललिता पवार यांनी केली, आणि ती भेदक, चटका लावणारी आहे. रंगमंचावर दुर्गाबाई आणि पडद्यावर ललिताबाई अशा दोन आनंदीबाई एकाच काळात मराठी प्रेक्षकाला लाभल्या.

शांताबाईंविषयीचा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो आणि त्यातील बराचसा भाग मान्य आहे. दुर्गाबाईंना शिक्षणाचा आणि सामाजिक स्थानाचा उपयोग झाला, यात शंका नाही. तरीही दोन गोष्टी मांडते. त्या स्थानाचा उपयोग जसा झाला तसा जाचही झाला. ‘फरेबी जाल’नंतर जी निंदा वाट्याला आली ती त्या स्थानामुळेच अधिक होती. आणि सामाजिक स्थान असलेल्या त्या काही एकट्याच नव्हत्या. ते असूनही पगाराच्या निश्चिंतीला नाही म्हणण्याचे धैर्य कितीजणींनी दाखवले? ज्या घरात दोन लहान मुले आहेत तेथे दरमहाचा पगार सोडणे सोपे नसते. शांताबाईंनी फाटकासमोर बसून जे मागितले ते आणि दुर्गाबाईंनी करार करताना जे मागितले ते मुळात एकच होते: आपल्या कामावर आपला अधिकार. दोघींना एकमेकींविरुद्ध उभे करण्यापेक्षा दोघींच्या मार्गांतून त्या काळातील कंपन्यांचा कारभार समजून घ्यावा, असे मला वाटते. शांताबाईंवर आपण स्वतंत्र धागा काढलात तर मी अवश्य वाचेन.

प्रतिसाद

या व्यवसायाधिकाराच्या मुद्द्याला जोडूनच सांगावेसे वाटते की दुर्गाबाईंनी 1952 साली ‘फॅक्ट फिल्म्स’ ही संस्था काढली आणि लघुपट व माहितीपट तयार करायला सुरुवात केली. पुढे त्यांच्या ‘दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स’ने जाहिरातपटही केले, आणि 1988 साली दूरदर्शनवर आलेली ‘वागळे की दुनिया’ याच संस्थेची निर्मिती. आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतील मध्यमवर्गीय कारकून, कुंदन शाह यांचे दिग्दर्शन, अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर. ती मालिका पाहत मोठ्या झालेल्या आमच्या पिढीला निर्मात्याच्या जागी झळकणारे नाव ‘अयोध्येचा राजा’तील तारामतीचे आहे हे ठाऊक नव्हते. बोलपटाच्या दुसऱ्याच वर्षी प्रकाशात आलेली व्यक्ती दूरदर्शनच्या ऐन बहरात निर्माती म्हणून उभी असावी, हा पल्ला हिंदी-मराठी चित्रसृष्टीत फार थोड्यांनी गाठला.

प्रतिसाद

मी तिशीतला वाचक असून दुर्गाबाईंना फक्त ‘बावर्ची’, ‘अभिमान’ आणि ‘कर्ज’ या चित्रपटांतून ओळखतो. त्यांचे जुने काम पाहायचे झाल्यास कोठून सुरुवात करावी?

धागालेखिकेचे उत्तर

‘अयोध्येचा राजा’ने सुरुवात करावी आणि शक्यतो मराठी आवृत्ती पाहावी. ध्वनी खरखरीत आहे आणि पहिला अर्धा तास गती संथ वाटेल. तो धीराने काढावा, कारण हरिश्चंद्राचे राज्य गेल्यानंतर दुर्गाबाईंचे काम खुलत जाते. मग लगेच ‘अमरज्योती’ पाहावा. त्यानंतर ‘हम एक हैं’ (1946) घ्यावा. देव आनंद यांचा पहिला चित्रपट म्हणून तो ओळखला जातो, पण वेगवेगळ्या धर्मांची मुले एकत्र वाढवणारी त्यातील जमीनदारीण हा त्याचा खरा आधार आहे. मग ‘मुघल-ए-आझम’, आणि वरच्या प्रतिसादात सांगितलेली गोष्ट लक्षात ठेवून फक्त जोधाबाईकडे पाहावे. ‘बावर्ची’ आपण पाहिलेलाच आहे. एवढे झाल्यावर तो पुन्हा पाहिलात तर त्या घरातील थोरल्या सुनेच्या थकलेल्या चेहऱ्यावर कोणकोणत्या भूमिकांची तालीम होऊन गेली आहे ते आपल्याला ओळखता येईल.